तुम्ही विचारलंत म्हणून: हॉटेलची मेंबरशिप कोणती घ्यावी?

"वर्षातून वीस-पंचवीस रात्री बाहेर जातातच, मंग कोणत्या हॉटेलचं कार्ड घेऊ?" बियाणे कंपनीत फिरतीवर असलेले, जिनिंगवाले, संत्र्याचा माल दिल्ली-कोलकात्याला लावणारे, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, सगळे हेच विचारतात. कार्ड म्हणजे हॉटेलच्या साखळीची मेंबरशिप: मुक्कामाचे पॉइंट जमतात आणि रात्री वाढल्या की सिल्व्हर, गोल्ड अशी वरची पायरी मिळते. पण आधी कार्डाचं नाव ठरवून उपयोग नाही. तुमच्या रात्री कोणत्या गावात पडतात आणि कोणत्या महिन्यात पडतात, हे आधी पाहावं लागतं.

गावाचं सोपं आहे. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, वरूड इथल्या लॉजवर काढलेल्या रात्री कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. म्हणून वर्षातल्या सगळ्या मुक्कामांपैकी मोठ्या साखळीच्या हॉटेलात किती होतात, ते मागच्या वर्षाची बिलं काढून मोजा. आकडा बहुतेकांचा दहा ते पंचवीसमध्ये येतो. मग शहरं बघा. नागपुरात वर्धा रोडवर ला मेरिडियन आहे, ते मॅरियट या मोठ्या साखळीचं. त्याच रस्त्यावर रॅडिसन ब्लू आहे, त्याची मेंबरशिप वेगळी. पण नागपूर बहुतेकांसाठी पहाटेच्या विमानाआधीची एखादी रात्र. खऱ्या रात्री हैदराबाद, पुणे, मुंबई, अहमदाबादेत जातात. ज्या मोहल्ल्यात तुमचं काम असतं, तिथून अर्ध्या तासात ज्या साखळीचं परवडणारं हॉटेल सापडतं, तीच तुमची साखळी. पॉइंटसाठी हैदराबादेत रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये बसण्यात काही हशील नाही.

महिन्याचा भाग मात्र कोणी विचारत नाही, आणि गोम तिथंच आहे. आपलं वर्ष हंगामाचं, हॉटेलवाल्यांचं वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. पॉइंट खात्यात राहतात, पण वरच्या पायरीसाठी मोजलेल्या रात्री ३१ डिसेंबरला शून्यावर येतात. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झालं आणि मार्चपर्यंत तुम्ही पंचवीस रात्री फिरलात, तरी त्यांच्या हिशोबात त्या दोन वर्षांत तुटतात. त्यात मेंबरशिप ऑक्टोबरात काढली असेल तर पहिल्या वर्षी हातात बारा-तेरा रात्रींचाच आकडा. बियाण्यांवाल्याचं फिरणं मार्च ते जुलै, त्याचं सगळं एकाच वर्षात बसतं. शिवाय मॅरियटमध्ये एका वर्षी मिळवलेली पायरी त्या वर्षाचे उरलेले महिने, पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यानंतरचा फेब्रुवारी संपेपर्यंत टिकते. म्हणजे जुलैत पंचवीस रात्री भरल्या तर फायदा सुमारे वीस महिने, डिसेंबरअखेर भरल्या तर चौदा. त्यामुळे डिसेंबरात एक-दोन रात्री कमी पडत असतील तर जानेवारीची फेरी अलीकडे ओढावी. आठ-दहा कमी असतील तर उलट करावं, डिसेंबरची फेरी जानेवारीत ढकलावी, म्हणजे नव्या वर्षाचं खातं तरी उघडतं.

आता पायऱ्या. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. सिल्व्हर म्हणजे १० टक्के जादा पॉइंट, बाकी नावालाच. गोल्डला २५ टक्के जादा पॉइंट आणि खोली रिकामी असेल तर दुपारी २ पर्यंत थांबायची मुभा. फुकट नाश्ता गोल्डलाही नाही, तो प्लॅटिनमपासून, आणि तोही बऱ्याच ठिकाणी चेक-इनच्या वेळी तोंडानं मागून घ्यावा लागतो. हिल्टन ऑनर्समध्ये नाश्ता गोल्डलाच मिळतो. त्या गोल्डला पूर्वी ४० रात्री लागायच्या, २०२६ पासून २५ पुरतात. तेवढ्या रात्रींत नाश्ता देणारी ही सोय चांगली आहे, पण हिल्टनची हॉटेलं आपल्याकडे मॅरियटच्या मानानं कमी. तुमच्या कामाच्या शहरात ती नसतील तर त्या गोल्डचं लोणचं घालायचं का? आयएचजीत (हॉलिडे इनवाले) सिल्व्हर १० रात्रींना, गोल्ड २० ला, प्लॅटिनम ४० ला, डायमंड ७० ला. नाश्ता डायमंडला मिळतो, पण हॉलिडे इन एक्स्प्रेसमध्ये नाश्ता सगळ्यांनाच भाड्यात धरलेला असतो. वर्षाला पंधरा रात्री करणाऱ्या माणसाला डायमंडपेक्षा हे एक्स्प्रेसच बरं. हयातच्या पायऱ्या १०, ३० आणि ६० रात्रींच्या, आपल्यासाठी महागडं प्रकरण.

परतीची गाडी संध्याकाळची असणाऱ्यांना नाश्त्यापेक्षा उशिराचं चेक-आउट जास्त कामाचं. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं निघायचं तर दुपारी बारानंतर सॅम्पलच्या पिशव्या घेऊन कुठं बसणार? मॅरियटच्या प्लॅटिनमला दुपारी ४ पर्यंतची सोय आहे, रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं सोडून. त्याखालच्यांनी चेक-इनलाच विचारावं, सकाळी उठून विचारलं तर खोली पुढच्याला दिलेली असते.

पॉइंटची किंमत रुपयांत काढल्याशिवाय तुलना खोटी. डॉलर ९० रुपयांचा धरा. खोलीचं भाडं कर सोडून ५,४०० रुपये, म्हणजे ६० डॉलर. मॅरियट बहुतेक ब्रँडमध्ये डॉलरला १० पॉइंट देतं, तर झाले ६००. आता तुम्हाला जी रात्र पॉइंटवर घ्यायची आहे तिचं करासकट रोख भाडं काढा आणि लागणाऱ्या पॉइंटनं भागा. ६,३०० रुपयांची खोली १०,००० पॉइंटला मिळत असेल तर एक पॉइंट ६३ पैशांचा. म्हणजे तुमच्या ५,४०० च्या रात्रीवर परत आले ३७८ रुपये. हॉटेलच्या साइटवर पॉइंटचे भाव तारखेनुसार हलतात, तेव्हा हा भागाकार दरवेळी नव्यानं करायचा. ५० पैशांच्या खाली उतरलं तर पैसे भरा, पॉइंट ठेवा. मॅरियटमध्ये पाच रात्री पॉइंटवर सलग घेतल्या तर चारचेच पॉइंट लागतात. लेकीच्या कॉलेज प्रवेशासाठी पुण्यात आठवडाभर राहायचं असेल तर हे लक्षात ठेवावं.

अॅकॉरचा (नोव्होटेल, आयबिसवाले) हिशोब सरळ आहे. २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, भाव हलत नाही. बहुतेक ब्रँडमध्ये साध्या मेंबरला १० युरोवर २५ पॉइंट, म्हणजे पाच टक्के परत. आयबिससारख्या स्वस्त ब्रँडमध्ये त्याहून कमी. डोक्याला ताप नको असणाऱ्यांना हे बरं. ताज, विवांता, जिंजरवाल्या टाटांचे न्यूकॉइन तर त्याहून सोपे, एक कॉइन एक रुपया. ते क्रोमात किंवा औषधांच्या ऑर्डरवरही वापरता येतात. वर्षाला दहाच्या आत रात्री असतील तर मला हाच प्रकार सगळ्यात व्यवहारी वाटतो. पायरी चढायचीच नसेल तर जिना कशाला बघायचा!

मेकमायट्रिप, गोआयबिबोवरून बुकिंग केलं की मोठ्या साखळ्या सहसा ना पॉइंट देतात ना रात्र मोजतात. इथं वरचाच हिशोब लावा. अॅपवर ८०० रुपये स्वस्त मिळत असेल आणि पॉइंट ३७८ चे असतील, तर अॅपवरूनच घ्या. पायरी गाठायला दोन रात्री उरल्या असतील तेव्हा गोष्ट वेगळी.

जीएसटीकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८. खोली ७,५०० ला असेल तर बिल ७,८७५. तीच ७,६०० ला गेली की ८,९६८. भाड्यात शंभराचा फरक, बिलात १,०९३ चा. इतक्या पैशांत दोन-तीन रात्रींचे पॉइंट वाहून जातात. त्यात '१८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळेल की', म्हणजे तो आपल्या करातून वजा होईल, असं दुकानदार म्हणतात, पण हॉटेलच्या मुक्कामाचा कर हॉटेल ज्या राज्यात त्या राज्याचा. तुमची नोंदणी महाराष्ट्रातली आणि मुक्काम हैदराबादेत असेल, तर बिलावर तेलंगणाचा कर लागतो आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मुक्कामाचं घेता येतं. ५ टक्क्यांवाल्या खोलीत क्रेडिट नसतं ते हॉटेलला, त्याच्या स्वतःच्या खरेदीवर.

एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड २०२३ पासून आहे. वार्षिक फी ३,००० रुपये अधिक कर. त्यात सिल्व्हर पायरी, खात्यात १० रात्री जमा आणि १५,००० पॉइंटपर्यंतच्या खोलीची एक रात्र फुकट मिळते. म्हणजे प्रत्यक्ष १५ रात्री काढल्या की गोल्ड. त्या एका रात्रीनं फी निघते, पण वापरली तरच. मुदत संपून वाया घालवणारे पुष्कळ. कार्ड व्हिसा-रुपेचं नसून डायनर्स क्लबचं असल्यानं तालुक्याच्या कृषी केंद्रात किंवा पेट्रोल पंपावर चालेलच असं नाही, त्यावर रोजचा खर्च टाकायच्या भरवशावर घेऊ नका. अटी बदलतात, अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवर एकदा वाचून घ्या.

दोघांनी एक खोली घेतली तर पॉइंट एकालाच. टीमनं आधी ठरवावं, आलटून पालटून नाव लावलं की कोणाचंच काही जमत नाही. तीन खोल्यांचं बिल एकानं भरलं आणि तो स्वतः त्यातल्या एका खोलीत राहिला, तर मॅरियट तिन्हींचे पॉइंट देतं, रात्र मात्र एकच मोजतं. शेतकरी कंपनीच्या सहलीत खजिनदाराच्या नावावर पॉइंट जाणार असतील तर ते आधी सभेत सांगितलेलं बरं, नंतर गावात चर्चा होते.

पॉइंट मरतात कसे, तेही बघा. मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसली की सगळे जातात. आयएचजीत पायरी नसलेल्याचे १२ महिन्यांत. एखादा हंगाम बुडाला, वर्षभर फिरणं झालं नाही, की नेमकं हे होतं. थोडे पॉइंट कमावले किंवा वापरले तरी मुदत पुढं सरकते, म्हणून पिकाची चिन्हं वाईट दिसली की उरलेले पॉइंट नागपूरच्या एखाद्या मुक्कामात घालावेत.

पॉइंट जमा न होण्याचं कारण बहुतेक वेळा नावात असतं. आधारवर वडिलांच्या नावासकट तीन नावं, मेंबरशिपवर दोन, बुकिंग तिसऱ्याच स्पेलिंगनं केलेलं. काउंटरवर नवीन प्रोफाइल उघडली जाते आणि मुक्काम तिकडं जातो. खातं आधारप्रमाणेच काढा, नंबर बुकिंग करतानाच टाका आणि चेक-इनला पुन्हा विचारा. निघताना खोलीचं सविस्तर बिल घ्या, कार्ड मशीनची चिठ्ठी चालत नाही. त्यावर तारखा, खोलीचं भाडं, कंपनीचा जीएसटी नंबर आणि मेंबरशिप नंबर असे चारही हवेत. आठ-दहा दिवसांत पॉइंट दिसले नाहीत तर 'मिसिंग स्टे' म्हणून त्याच बिलाचा फोटो हॉटेलच्या साखळीच्या अॅपवर टाका.