तुम्ही विचारलंत म्हणून: मॉली आयव्हिन्स इतकं बोलून टिकल्या कशा?

टेक्सासच्या स्तंभलेखिका मॉली आयव्हिन्स ३१ जानेवारी २००७ रोजी ऑस्टिनमध्ये कॅन्सरनं गेल्या, वय ६२. त्यांचं नाव निघालं की हा प्रश्न हमखास येतो: पुढाऱ्यांना इतकं झोंबणारं लिहूनही बाई टिकल्या कशा?

उत्तर विनोदात शोधू नका, 'टेक्सास ऑब्झर्व्हर' या पाक्षिकात शोधा. १९७० ते ७६ त्यांनी तिथून विधिमंडळ पिंजून काढलं. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच भरतं, १४० दिवस. शेवटच्या आठवड्यांत विधेयकांची नुसती रेटारेटी. गॅलरीत चिकाटीनं बसणाऱ्यालाच कच्चा माल मिळतो. कुठलं विधेयक, फायदा कुणाचा, हे आधी पक्कं, टोला त्यावर. नक्कल करणारे टोल्यापासूनच सुरू करतात, म्हणून त्यांचा लेख दुसऱ्या परिच्छेदात बसतो.

मधली सहा वर्षं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये गेली, तिथं सूर जुळला नाही. एकाचं बिअरनं सुटलेलं पोट त्यांनी स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवण्याजोगं म्हटलं. छापून आलं 'पुढे आलेलं उदर असलेला गृहस्थ'. पोट गेलं, उदर उरलं!

मोकळीक दिली 'डॅलस टाइम्स हेराल्ड'नं. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, एका सदस्याची अक्कल आणखी घसरली तर त्याला रोपासारखं दिवसातून दोनदा पाणी घालावं लागेल, असं बाईंनी लिहिलं. वाचक खवळले, जाहिराती गेल्या. पेपरानं माफी मागायची सोडून फलक लावले: मॉली आयव्हिन्सना असं म्हणता येतं का?

कायदाही बाजूनं होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४च्या सलिव्हन निकालापासून तिथं सत्तेतल्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा तर लेखकानं जाणूनबुजून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता, खोटं छापलं हे दाखवावं लागतं. आपल्याकडे अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. इथं असं लिहू पाहणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

बाईंचा पाय घसरला तो भलतीकडेच. फ्लॉरेन्स किंग या लेखिकेची वाक्यं श्रेय न देता वापरल्याचं १९९५मध्ये उघड झालं. त्यांनी माफी मागितली. उतारा टिपताना शेजारी नाव लिहायचा कंटाळा केला, की काही महिन्यांनी ते वाक्य आपलंच वाटू लागतं.

धाकट्या बुशना 'श्रब' हे नाव त्यांनीच चिकटवलं असं मानतात. बुश म्हणजे झुडूप, श्रब म्हणजेही झुडूपच. शेवटचा लेख ११ जानेवारी २००७चा, इराकमध्ये आणखी सैन्य धाडण्याविरुद्ध. त्यात थट्टा कमी आहे. रस्त्यावर उतरा, पातेली बडवा, युद्ध थांबवा म्हणून सांगा, असं त्या लिहून गेल्या.