नवतप्यातला पिंजरा

मे महिना, शेवटचा आठवडा

नवतपा लागला. चंद्रपूर, अकोला, नागपूर, कुठेच पारा ४५च्या खाली यायचं नाव घेत नाही. घरोघरी कूलरला नवा वाळा लागला आणि लेअर फार्मांवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, मरतुकीची वही भरू लागली.

गावरान कोंबडी या दिवसांत काय करते ते बघावं. ऊन चढलं की ती अंगणात दिसत नाही. रांजणाशेजारच्या ओल्या मातीत उकरून बसते, पोट जमिनीला टेकवते, पंख अंगापासून सुटे धरते आणि चोच उघडी ठेवून ऊन उतरायची वाट पाहते. कोंबडीला घाम येत नाही, अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. उष्णता टाकायचे तिचे मार्ग मोजकेच: धापणं, पंख सुटे करणं, गार जमिनीला लागणं, सावलीला सरकणं.

पिंजऱ्यात यातलं फक्त धापणं उरतं. विदर्भात पिंजरा नको म्हणायला मला तरी एवढं कारण पुरे आहे.

मापंच बघा. जुन्या पिंजऱ्याचा नेहमीचा खण १५ इंच रुंद आणि १२ इंच खोल, त्यात तीन कोंबड्या. हिशेब केला तर एकीच्या वाट्याला ३८७ चौरस सेंटिमीटर येतात. झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४चा असतो. मोजमापं घेणाऱ्यांना आढळलं की कोंबडी नुसती उभी राहिली तरी सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर व्यापते आणि जागेवर वळायला तिला १२००हून जास्त लागतात. म्हणजे तिघी एकमेकींना चिकटूनच उभ्या. थंडीत त्याची ऊब होते, मे महिन्यात त्याचीच भट्टी. मर आधी लागते ती वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या जवळ, आणि त्यातही पूर्ण अंड्यावर आलेल्या, भारी कोंबड्यांना.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलंय की पिंजऱ्यात जनावराला हालचालीला पुरेशी जागा हवी. विधी आयोगाने २०१७मध्ये २६९वा अहवाल याच विषयावर दिला. २०२३च्या नियमांत एका कोंबडीसाठी आकडा आला ५५० चौरस सेंटिमीटर. कागदाहून कमीच! युरोपीय संघाने साधे पिंजरे २०१२पासून बंद केले, ते थंड हवेचे देश असून.

आता धापण्याचं. कोंबडी धापते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यातलं कार्बोनेट याच कार्बन डायऑक्साइडपासून बनतं. तो घटला की कवच पातळ येतं. त्यात उन्हाने खाणं कमी होतं, म्हणजे कॅल्शियमही कमी पोटात जातं. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं; खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. ट्रेमध्ये तडकलेली अंडी वाढली की लोक कॅल्शियमच्या बाटल्या आणतात. खरा उपाय गारवा आणि वेळ. कवच चढायला २० तासांच्या आसपास लागतात, त्यातले बरेच रात्रीचे. म्हणून जाडसर मार्बल ग्रिट, म्हणजे कॅल्शियमसाठीची संगमरवराची भरड, संध्याकाळच्या खाद्यात द्यावं, ते पोटात रात्रभर हळूहळू विरघळतं.

खाद्य पहाटे पाचला आणि ऊन उतरल्यावर. दुपारी गव्हाणी रिकाम्या राहिल्या तर बिघडत नाही, उलट बरं; पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते आणि ती नेमकी दोनच्या उन्हात यायला नको. दुपारी शेडमध्ये विनाकारण फिरणं, लस टोचणं, कोंबड्या हलवणं बंद. घाबरून एकदा फडफड झाली की धापणारी कोंबडी तिथेच दगावते.

सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी या दिवसांत त्याच्या दुप्पट मागते. पाच हजारांच्या शेडला अडीच हजार लिटर धरून चाला. टाकी उन्हात काळी चकाकत असते आणि पत्र्याखालच्या निप्पलच्या (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोटीच्या) नळीत पाणी तापून उभं असतं. चहासारखं पाणी कोंबडी पीत नाही, तहानेली उभी राहते. टाकीला बारदाना गुंडाळून तो ओला ठेवायचा, नळीच्या टोकाचा व्हॉल्व्ह दुपारी तासा-दीड तासाने उघडून तापलेलं पाणी सोडून द्यायचं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात वेगळीच कटकट: क्षार साचून निप्पल बंद पडतात, आणि एका खणाला एकच निप्पल असेल तर त्या तिघींना दिवसभर पाणीच नाही. रोज सकाळी बोटाने एकेक दाबून पाहण्याला पर्याय नाही. त्या पाण्यात मीठ आधीच जास्त. वरून इलेक्ट्रोलाइट आणि खायचा सोडा न मोजता ओतला तर विष्ठा पातळ होते, खाली ओल धरते, अमोनिया आणि माश्या वाढतात.

छताला चुना, वर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस, त्यावर पाण्याची फवारणी. स्वस्त आहे आणि फरक पडतो. आग मात्र सांभाळा. फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फवारा, कोरड्या हवेतच कामाचा. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच फॉगर मारतो, कारण धापेतून वाफ जायला कोरडी हवाच उरत नाही. तेव्हा फॉगर बंद, पंखे चालू. आणि लाइट गेली तर जनरेटरला पर्याय नाही.

हे सगळं नीट केलं तरी आपण करतो काय? जे गावरान कोंबडी फुकटात करते, ते हजारो कोंबड्यांसाठी वीज आणि मजुरी लावून अर्धवट. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुशाच्या थरावर (लिटरवर), कोंबडीला निदान हलता येतं, उकरता येतं, पंख पसरता येतात. जागा जास्त लागते, लिटर ओलं झालं तर कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग होतो, काही अंडी खाली पडून मळतात. हे तोटे खरेच आहेत. पण ते माणसाने काम करून भरून निघतात.

शेतकऱ्याला एकट्याला दोष द्यायला मन होत नाही. भाव एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, रोज शेकड्यावर जाहीर करते, खर्चाचा मोठा भाग मका आणि सोयाबीनच्या ढेपेत जातो, आणि श्रावणात मागणी पडली की हिशेब उलटा होतो. उत्पादन घटलेल्या जुन्या कळपाचं खाद्य दहा-बारा दिवस तोडून जबरदस्तीने पिसं गाळायला लावतात, ते असा हिशेब बसवायलाच. वजन चौथाईने उतरतं, मग पुन्हा अंडी सुरू. याला मात्र कुठलंही गणित देऊन समर्थन नाही.

अंड्याचा हिशेब संपला की कोंबड्या वजनावर विकतात. वर्षभर हाडांतून कॅल्शियम गेलेलं, चालणं नाही, त्यामुळे ओढून काढताना पाय नि पंख काडीगत मोडतात. दार पूर्ण उघडायचं, दोन्ही पाय एकत्र धरायचे, छातीखाली हात देऊन बाहेर काढायची, क्रेट दाटून भरायचा नाही, आणि गाडी रात्रीच सुटायला हवी. भराईची मजुरी नगावर ठरवली तर यातलं काहीच पाळलं जात नाही. ती रात्रीवर ठरवा.