टायरचा वॉरंटी क्लेम : माझा अनुभव (आणि दोन टायरची तुलना पण)

क्लेम शेवटी पास झाला, नवीन टायर पण मिळाला, तरी त्या दुकानासमोरून गाडी नेली की अजून डोकं तापतं. म्हणून लिहून टाकतोय, जळगाव-धुळ्याकडच्या कोणाला तरी उपयोग होईल.

गाडी साधी हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५, चारही एकाच कंपनीचे, बिल न वॉरंटी कार्ड जपून ठेवलेलं. माझं जाणं-येणं जळगाव-एरंडोल-पारोळा, आणि अधूनमधून चाळीसगाववरून कन्नड घाट. पावसाळ्यात सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग केलं, काही फरक नाही. मग पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला तर नक्षीच्या मधोमध उंचवटा. मधोमध, साइडवॉलला म्हणजे टायरच्या बाजूला नाही. पुढचं सगळं भांडण त्यावरच झालं.

दुकानदार म्हणे ठेवून जा भाऊ, कंपनीचा इंजिनिअर येतो, तो बघेल. ठेवला. त्याने टायरवर खडूने काहीतरी लिहिलं आणि मागच्या ढिगात टाकून दिला. पावती मागितली तर म्हणे पावती कशाला, आपलंच दुकान आहे.

इथून जे सुरू झालं ते झालं. फोन केला की "पुढच्या हप्त्यात". इंजिनिअरकडे म्हणे अख्खा खान्देश आणि वर नाशिकचा पट्टा. गणपती बसले, गणपती गेले, दसरा गेला, टायर ढिगातच. तिथला पोऱ्या बिचारा चांगला होता, पण त्याचं आपलं एकच, "येई ना भो, काय घाई शे". घाई अशी होती की मी स्टेपनीवर फिरत होतो, आणि माझ्या गाडीची स्टेपनी बारीक साइजची, ८० च्या वर नेऊ नका असं तिच्यावरच छापलेलं. तिच्यावर घाट कसा उतरणार?

मग एक दिवस फोनवर कळलं की इंजिनिअर येऊन पण गेला आणि क्लेम रिजेक्ट, कारण काय तर "इम्पॅक्ट", म्हणजे खड्ड्यात आदळला. मला बोलावलं नाही, टायर उघडून आतून बघितला का विचारलं तर गप्प. लेखी द्या म्हटलं तर लेखी देत नाहीत म्हणे. आता हे बघा, खड्ड्यात आदळून येणारा फुगा बहुतेक वेळा साइडवॉलला येतो, कारण रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चिमटतो न आतले दोरे तुटतात. नक्षीखाली मधोमध उंचवटा आला तर आतल्या स्टीलच्या पट्ट्यांचा थर सुटल्याची शक्यता जास्त. माझं रिम कुठे वाकलेलं नाही, साइडवॉलवर ओरखडा नाही, मग इम्पॅक्ट कशाचा?

त्या रात्री कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला. बिल, टायरचा सीरियल नंबर, उंचवट्यावर पट्टी ठेवून काढलेला फोटो, रिमचा फोटो, आणि खाली एकच ओळ : रिजेक्ट करायचा असेल तर कारणासह लेखी रिपोर्ट द्या, नाहीतर मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतो. लगेच तक्रार नंबर आला. जो इंजिनिअर सापडत नव्हता तो स्वतः फोन करायला लागला! टायर माझ्यासमोर उघडला, आत टॉर्च मारला, चिमटल्याची रेघ नाही, दोरा तुटलेला नाही. हवा किती ठेवता, गाडीत लोड किती असतो हे पण विचारलं, कारण कमी हवेवर पळवला तरी टायर तापून थर सुटू शकतो. मी अलाइनमेंटच्या बिलांची फाइलच पुढे केली. तिथल्या तिथे "मॅन्युफॅक्चरिंग", म्हणजे बनवतानाचाच दोष, असं लिहून दिलं न भाऊ त्याने. खरं सांगतो, छाती फुगली.

तर पहिल्या दिवशीच तक्रार नंबर घ्या, त्याशिवाय टायर दुकानात सोडू नका.

फुकट मात्र मिळत नाही हां. उरलेल्या नक्षीवर हिशोब होतो. नवीन नक्षी ८ मिमी खोल, १.६ ला टायर संपला असं धरतात, म्हणजे वापरायची ६.४. माझी ५.६ उरली होती, त्यातून १.६ गेले की ४, म्हणून सूट साधारण ६२ टक्के आणि बाकीचे पैसे मी भरले.

आता तुलनेचं. दिवाळीला घाटातून जायचंच होतं म्हणून मध्येच दुसऱ्या कंपनीचे दोन घेतले. दुकानदार पुढे बसवत होता, मी मागे बसवायला लावले, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी सरकली तर गाडी आवरत नाही. पुढे जुन्या कंपनीचे दोन. एका एक्सलवर दोन वेगळे टायर टाकू नका. नंतर अदलाबदल करून पण बघितले. जुन्यांचा आवाज कमी, खड्डे गिळतात, पण ओल्यात ब्रेक मारला की जरा पुढे जातात. नवे सिमेंटच्या हायवेवर गुंगुं करतात, पाठीला कडक लागतात, घाटात मात्र वळणावर चिकटून राहतात. जुने झिजलेले होते हे धरून चला, त्यामुळे एकदम खरी तुलना नाही.

भाचा जर्मनीत आहे, त्याला हिवाळ्याच्या दोन टायरमधून एक निवडायचा होता, तो बर्फावरचं ब्रेकिंग विचारत होता. मामाकडे बर्फ फक्त रसवंतीवर! त्या टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली पण मऊ राहतं, साइडवॉलवर डोंगर न बर्फाच्या फुलाचा छाप असतो. धुळ्यात पण थंडीत पारा पाच-सहावर येतो, पण पहाटेपुरता. दुपारी ऊन असतंच आणि मे मध्ये पंचेचाळीस, त्यात ते मऊ रबर भराभर झिजेल. आपल्याला थंडीत बघायची ती हवा. दर पाच-साडेपाच डिग्रीला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते, म्हणजे मे मध्ये भरलेली हवा थंडीत, भरताच्या पार्ट्यांच्या दिवसांत, पहाटे पाच-सहा पीएसआयने उतरलेली असते. टायर थंड असतानाच चेक करा.

अजून एक राहिलं. क्लेमचा टायर देताना दुकानदार जुन्या तारखेचा माल चिटकवत होता. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते त्यात असतं, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मी परत पाठवला, ताज्या तारखेचा येईपर्यंत बिलावर सही केली नाही.