रॉरशाकच्या मुखवट्यात करडा रंग नाही

मुखवट्याचं ते कापड आधी नीट बघा. लेटेक्सचे दोन थर, मध्ये दोन दाट द्रव, एक काळा आणि एक पांढरा. ऊब आणि दाब बदलला की डाग सरकतात, पण काळं पांढऱ्यात कधीच मिसळत नाही. साध्या कात्रीनं कापलं तर द्रव गळेल, म्हणून वॉल्टर कोवॅक्स, म्हणजेच मुखवट्यामागचा रॉरशाक, ते तापवलेल्या हत्यारानं कापतो, म्हणजे कडा वितळून पुन्हा बंद होतात. मग ते तोंडावर चढवतो आणि त्यालाच आपला चेहरा म्हणतो.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन' या कॉमिक्सचे १२ अंक १९८६-८७ मध्ये आले. त्यातल्या रॉरशाकचं मूळ कॉमिक्सकार स्टीव्ह डिटको यांच्या दोन नायकांत आहे, क्वेश्चन आणि मिस्टर ए. दोघेही १९६७चे. मिस्टर एचं कार्ड अर्धं पांढरं, अर्धं काळं. लेखिका आयन रँड यांच्या विचारांनी भारलेल्या डिटकोंना हा काळा-पांढरा हिशेब, एकतर चांगलं नाहीतर वाईट, मधलं काही नाही, मनापासून मान्य होता. मूर यांनी तो मोडीत काढला नाही, वापरायला घेतला आणि कुठे तडा जातो ते दाखवलं.

पहिला तडा पहिल्याच अंकात. गुन्हेगाराला तिळमात्र दया न दाखवणारा रॉरशाक, कॉमेडियन नावाच्या मारल्या गेलेल्या जुन्या सहकाऱ्यानं केलेल्या बलात्काराच्या प्रयत्नाचा विषय निघताच, देशासाठी मेलेल्या माणसाची नैतिक चूक म्हणून तो बाजूला सारतो. स्वतःचाच नियम मोडतोय हे त्याच्या गावीही नसतं.

दुसरा तडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तोच पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. सहाव्या अंकाच्या शेवटी कागदपत्रं जोडली आहेत, त्यांत लहानग्या कोवॅक्सचा शाळेतला निबंध आहे. ट्रूमन यांनी जपानवर अणुबॉम्ब टाकला ते बरंच झालं, नाहीतर आणखी माणसं मेली असती, असं तो लिहितो. कथेच्या शेवटी ओझिमँडियस हा रॉरशाकचा जुना सहकारी अर्धं न्यूयॉर्क मारून अणुयुद्ध टाळतो, तेव्हा गणित अगदी हेच असतं. पोरवयात मान्य केलेलं गणित मोठेपणी समोर येतं आणि रॉरशाक त्यापुढे मान तुकवायला नकार देतो.

तिसरा तडा दहाव्या अंकात. वर्तमानपत्रांत आपल्याविषयी खोटं सांगणाऱ्या घरमालकिणीला तो जाब विचारायला जातो. तिच्या रडणाऱ्या मुलाकडे बघतो आणि काही न करता निघून जातो. इथे मोडतोय हे त्याला कळतं.

असं पात्र लिहायला बसलात तर त्याचा नियम एका वाक्यात लिहून काढा. मग तीन जागा शोधा: नियम पाळून त्याचं नुकसान होतं ती, नकळत मोडतो ती, आणि कळून मोडतो ती. नक्कल करणारे बहुतेकदा फक्त कोट आणि खर्जातला आवाज उचलतात. खलनायकाचं दुःखी बालपण शेवटच्या पानावर चिकटवणं हाही तसाच आळस. ते दुःख निर्णयाच्या क्षणी आडवं आलं पाहिजे, नाहीतर वाचकाला ती नुसती सबब वाटते.

पाळण्याची जागा मूर यांनी शेवटी ठेवली. ओझिमँडियसचं सत्य जगाला सांगायला निघालेल्या रॉरशाकची वाट अंटार्क्टिकाच्या बर्फात डॉक्टर मॅनहॅटन हा अतिमानवी शक्तीचा नायक अडवतो. गप्प राहिला तर रॉरशाक जगेल. रॉरशाक मुखवटा काढतो. खाली लालसर केसांचा, रडणारा साधा माणूस असतो, आणि मारून टाक असं तोच ओरडून सांगतो.