सफा-मरवाच्या मधे

2020 च्या हजसाठी सोडतीत अब्बांचं आणि माझं नाव निघालं, तेव्हा अब्बांनी सगळ्यात आधी चपला घेतल्या. साध्या, रबरी. पायाला आतापासून सवय हवी म्हणून फजरची, म्हणजे पहाटेची नमाज झाली की त्या घालून ओढ्यापर्यंत चालत जायचे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि जूनमध्ये कळलं की यंदा बाहेरच्या देशातून कुणीच जाणार नाही. सौदीत राहणाऱ्या जेमतेम हजारभर लोकांनी त्या वर्षी हज केला. आमचे पैसे खात्यात परत आले. मी रडले. अब्बा म्हणाले, "पैसे परत आलेत गं. बुलावा थोडाच परत गेलाय!"

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत अब्बा गेले. चपला पाहिल्या तर टाचेकडून झिजलेल्या. नुसत्या ओढ्यापर्यंत जाऊन-येऊन.

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, अल्लाहवर भरवसा ठेव. तवक्कुल. मला तो शब्द नकोसा झाला होता. मी बचत गटाचा हिशेब ठेवते. जमा-खर्च जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. तवक्कुल म्हणजे 'आता प्रश्न विचारू नकोस' असं सभ्य भाषेत सांगणं, असंच मला वाटायचं. अब्बा मात्र तो शब्द वेगळा वापरायचे. एका बदूनं, वाळवंटातल्या भटक्यानं, पैगंबरांना विचारलं होतं, उंट बांधू की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. अब्बा हे शेताला लावायचे. पावसाआधी बांध घालून घ्यायचे आणि मग आभाळाकडं बघायचे.

2023 मध्ये नंबर लागला. या वेळी सोबत हे होते. मक्केत पोचलो त्या रात्रीच उमरा, म्हणजे छोटी यात्रा केली. तवाफ, काबेभोवतीच्या प्रदक्षिणा, झाला आणि सईला उभे राहिलो. सफा आणि मरवा या दोन टेकड्या, त्यांच्यामधे येरझाऱ्या घालायच्या ती सई. आता त्यांच्यामधे लांबच लांब गार दालन आहे, खाली गुळगुळीत फरशी. सात फेरे, मिळून तीन किलोमीटरांच्या वर. मधे हिरवे दिवे लागतात, तेवढ्या टप्प्यात पुरुष पळतात. बायकांनी पळायचं नसतं. मला याची गंमत वाटली. इथं धावली होती ती एक बाईच, बीबी हाजरा, आणि तिच्या आठवणीत पुरुष पळतायत, बायका चालतायत.

तिची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पैगंबर इब्राहिम अलैहिस्सलाम तिला, आपल्या बायकोला, आणि तान्ह्या इस्माईलला त्या ओसाड दरीत ठेवून निघाले. जवळ थोडे खजूर आणि पाण्याची मशक. ती मागं मागं जात विचारत राहिली, ते वळून बघेनात. शेवटी तिनं विचारलं, हा अल्लाहचा हुकूम आहे का? ते म्हणाले, हो. "मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही," म्हणाली आणि माघारी फिरली. मौलवीसाहेब गोष्ट इथं थांबवून डोळे पुसायचे. मला मात्र पुढचा भाग टोचायचा. एवढा भरवसा होता तर पाणी संपल्यावर बाई या दोन टेकड्यांमधे धावली कशाला? त्या रात्री मी फेरे मोजत राहिले. चौथा की पाचवा यावर आमचं किरकोळ भांडणही झालं. पाय भरून आले. मनात काही हललं नाही, खोटं कशाला सांगू?

27 जूनला अरफातचं मैदान, हजचा मुख्य दिवस. ऊन असं की छत्रीच्या सावलीतही डोकं तापावं. सूर्य बुडाला की तिथून निघायचं. मगरिब, सूर्यास्ताची नमाज, तिथं पढायची नाही, रात्रीच्या मुक्कामाला मुझदलिफाला पोचून इशाबरोबर, रात्रीच्या नमाजेबरोबर, पढायची. आमची बस येता येईना. तंबूतले बरेच जण पायी निघाले, आम्हीही निघालो. आठ-नऊ किलोमीटर. पायी जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे, पण गर्दीत आपण चालत नाही, आपल्याला चालवलं जातं. पांढऱ्या इहरामांचा, हजच्या बिनशिवलेल्या कपड्यांचा लोंढा, चाकाच्या खुर्च्या, कुणाच्या पाठीवर म्हातारी आई. आमचं गाव वेळापूरच्या बाजूचं, पालखीच्या वाटेवरचं, त्यामुळं चालणारी गर्दी मला नवी नाही. फरक एवढाच की दरवर्षी आम्ही रस्त्याकडेला पाण्याचा रांजण भरून उभे असायचो. आता मी लोंढ्यात होते आणि कुणीतरी अनोळखी पोरगा माझ्या हातात पाण्याची बाटली कोंबून गेला.

मुझदलिफाला उघड्यावर चटई टाकली. नमाज झाली, सैतानाला मारायचे खडे वेचले. हे वजूला, हातपाय-तोंड धुवायला म्हणून गेले, ते आलेच नाहीत. तास गेला, दोन गेले. माझा फोन बंद पडलेला, यांचा माझ्याच पिशवीत. आजूबाजूला लाखो माणसं आणि सगळ्या पुरुषांचे कपडे एकसारखे. यांना शुगर आहे, गोळ्याही माझ्याकडंच. आधी मी गप्प बसून दुआ केली. नंतर उठले. चटईवर पिशवी ठेवली, शेजारच्या मालेगावच्या आपांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि वजूखान्याच्या रांगेपर्यंत गेले. नाही. परत आले. पुन्हा गेले. दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत, परत. किती वेळा, ते मोजलं नाही.

कधीतरी त्या येरझाऱ्यांतच कळलं की मी काय करतेय. हाजराला भरवसा नव्हता म्हणून ती धावली, असं नव्हतंच. पाणी आपल्या हातात नाही, पाय आहेत, एवढंच तिला माहीत होतं. आणि झमझमचं पाणी निघालं ते सफावर नाही, मरवावरही नाही. निघालं बाळाजवळ, जिथं ती शोधतच नव्हती. मी चटईवर येऊन बसले. भीती गेली नव्हती. छाती धडधडतच होती. फक्त हिशेब मांडायचा थांबला होता.

फजरनंतर आपा म्हणाल्या, "चल, मनगटावरच्या पट्टीवर तंबूचा नंबर आहे ना? त्यांच्याही आहे." आम्ही सहा बायका मिनाला, आमच्या तंबूंकडं चालत आलो. हे तंबूत नव्हते. दोन तासांनी आले, ओठ फुटलेले, एका बांगलादेशी म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून. वजूनंतर भलत्याच दिशेला वळले होते. साखर उतरली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं खजूर खायला घातले म्हणे. मी आधी गोळी दिली, मग खूप बोलले.

29 तारखेला तवाफे-जियारत, म्हणजे हजचा तवाफ, आणि पुन्हा सई. त्या दिवशी गावाकडं बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. भाईचा फोन तिसऱ्या फेऱ्यात आला. नमाज झाली, कुर्बानी उद्या करायचं गावानं ठरवलंय, म्हणाला. "आणि रांजण?"

"भरलाय. मागं राहिलेले वारकरी अजून चालतायत रस्त्यानं. तुझं काय चाललंय?"

"तेच," म्हटलं. "मरवाकडं निघालेय."

हिरव्या दिव्यांखाली हे लंगडत पळायला लागले. मी चालत राहिले. पायात अब्बांच्या चपला होत्या, दोन नंबर मोठ्या.