आमची वाटचाल : झेरॉक्सपासून दप्तरापर्यंत

सांगलीत २००४ साली झेरॉक्सचं दुकान टाकलं. २ वर्षांनी स्कॅनर घेतला आणि पाटीवर ‘स्कॅनिंग करून मिळेल’ एवढी ओळ वाढवली. पहिलं मोठं काम मिळालं एका वाचनालयाचं. जुनी प्रोसिडिंग बुकं (सभांच्या ठरावांच्या वह्या), देणगीदारांचं रजिस्टर. पानामागे दीड रुपया. सगळं जेपीईजी करून दोन सीडींवर घातलं, वर झकास स्टिकर चिकटवले. त्यांनी शाल-श्रीफळसुद्धा दिलं!

८ वर्षांनी चिटणीस त्याच सीडी घेऊन दारात उभे. जागेचा १९७१चा ठराव हवा होता. एक सीडी ड्राइव्हला दिसेचना. स्टिकरबरोबर वरचा थरच सुटला होता. दुसरी उघडली, पण फाइलींची नावं स्कॅन १ पासून स्कॅन २३४० पर्यंत. दीड दिवस पानं चाळली, ठराव सापडला नाही. शेवटी मूळ वही त्यांच्याच माळ्यावर मिळाली, म्हणून आमची अब्रू राहिली.

ते सगळं काम आम्ही पदरमोड करून पुन्हा केलं. तेव्हापासून मूळ प्रत टिफ या चित्रफाइलीत, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. रोजच्या वापराला पीडीएफ/ए. पीडीएफचा हा प्रकार २००५ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने खास दीर्घकाळ जतनासाठी ठरवला. फाइलीच्या नावात आधी साल, महिना, तारीख, मग विषय.

मराठी संस्थांचं खरं दुखणं मात्र फॉन्टचं. कितीतरी जुने वार्षिक अहवाल पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असतात. त्या काळच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. फॉन्ट नसेल तर ‘अध्यक्षीय मनोगत’ उघडल्यावर नुसती एबीसीडीची खिचडी दिसते. पीडीएफ/ए केलं की फॉन्ट फाइलीतच राहतो, पान देखणं दिसतं. पण ‘ठराव’ शोधा, एकही सापडत नाही, कारण आत रोमन अक्षरंच असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावं तर रफार आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसतात. म्हणून एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे ओळ न् ओळ वाचतात. आमच्या सगळ्या यंत्रांपेक्षा त्यांचा लाल पेन महत्त्वाचा, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगतो.

ऑगस्ट २०१९च्या पुरात दुकानातली हार्ड डिस्क चिखलात गेली. पुण्याला बहिणीच्या कपाटात दुसरी होती. आता तीन प्रतींशिवाय काम घेत नाही, आणि त्यातली एक गावाबाहेर.

संस्थांना स्कॅनिंगचे पैसे जड जात नाहीत, दरवर्षीच्या तपासणीचे जातात. ‘एकदा केलंय ना?’ हा प्रश्न प्रत्येक कमिटीत निघतो. आम्ही प्रत्येक फाइलीची शा-२५६ खूण (फाइलीच्या आतल्या माहितीवरून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ) काढून यादी ठेवतो. आत एक बिट, म्हणजे एखादा शून्य किंवा एक, बदलला तरी खूण पार वेगळी येते. त्या वाचनालयाची डिस्क दर जानेवारीत तपासतो. यंदा दोन फाइलींची खूण जुळली नाही. एक १९७१च्याच वहीतली होती. पुण्याच्या प्रतीवरून दोन्ही भरून घेतल्या.