त्या बाया खरं सांगतात का?

चोपड्याला गेले की मावशी हमखास विचारते, "काय वं बाई, त्या बाया तुले खरं सांगतस का?" आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहिते. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवर बाळंतपणांची आणि तान्ह्या मुलांची पाहणी करते. दारोदार फिरायचं, फॉर्म भरायचा, वजनं घ्यायची.

खरंच सांगतात. खोटं शिरतं ते बहुतेक वेळा आमच्या प्रश्नातून.

पहिल्या वर्षी एकीला विचारलं, "मुलं किती?" म्हणाली, तीन. लिहिलं तीन. उतारावर आशाताई, म्हणजे तिथली 'आशा' आरोग्य कार्यकर्ती, हळूच बोलली, "ताई, तिला पाच झालीत." मी मुलं विचारली होती, तिने अंगणात खेळणारी सांगितली! परत चढून गेलो. या वेळी आशाताईने तिथल्या पावरी बोलीत विचारलं: पोटुशी किती वेळा राहिलीस? मग एकेक बाळंतपण. दुसरं मूल होळीच्या आधी रात्री झालं आणि उजाडायच्या आत गेलं. नावही ठेवलं नव्हतं, ते मोजायचं कसं?

त्यापुढचा प्रश्न विचारताना माझी जीभ अजून जड होते. रडलं होतं का? जरासं रडलं, एखादा श्वास घेतला, हात हलवला, तर ते जिवंत जन्मलेलं, त्याचा मृत्यू बालमृत्यूत धरायचा. नाहीतर मृतजन्म, आणि मग बालमृत्यू दरात ते येतच नाही. ती बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत बसली. मग मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज काढून दाखवला. मी 'होय'वर खूण केली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. ते काम १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. लोक त्यातल्या उपचाराचं बोलतात. मला मोजणी मोठी वाटते. जन्मलेलं आणि गेलेलं प्रत्येक मूल वहीत होतं, म्हणून किती वाचली हे सांगता आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळ बघायला जाते. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही.

पण घराला कुलूप असेल तर? दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. जानेवारीत पाहणी केली की आम्ही दारं मोजतो. तिकडे पालात झालेलं बाळ ना इथल्या वहीत, ना तिथल्या.

आणि खोट्याचा मोह म्हणाल तर तो आम्हालाच. वजनकाटा आढ्याला टांगलेला, झोळीत बाळ हातपाय झाडतंय, काटा २४०० आणि २५०० ग्रॅमच्या मधे नाचतोय. ऊन चढलेलं, अजून दोन पाडे बाकी. २५०० लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण २५००च्या खाली असेल तरच ते कमी वजनाचं. माझ्या एका आकड्याने बाळ यादीतून बाहेर. म्हणून थांबायचं. ते दमून शांत होईपर्यंत, किंवा आईने पाजून परत झोळीत ठेवेपर्यंत.

मावशीला दोन मुलगे, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पोटुशी किती वेळा होतीस, हे तिला मी अजून विचारलेलं नाही.